पिन बसली, पण वीज जुळली का?



या आठवड्याच्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक पत्र असं निघालं, की मी हातातला चहा बाजूला ठेवला आणि आधी उत्तर लिहायला बसलो. सातवीतली एक मैत्रीण लिहिते, "काका, बाबांनी आणि मी मिळून दुर्बीण घेतली. माझे दोन वर्षांचे दिवाळीचे आणि वाढदिवसाचे पैसे त्यात आहेत. दुर्बिणीला मोटर आहे, त्यामुळे तारा सरकला तरी दुर्बीण त्याच्यामागे आपोआप फिरते. पण मोटरीचा अडॉप्टर सोबत आला नाही, तो म्हणे वेगळा घ्यायचा. दादाच्या जुन्या लॅपटॉपचा चार्जर घरात पडून आहे. त्याची पिन मोटरीच्या भोकात अगदी बरोब्बर बसते! शनिवारी आम्ही गावी जाणार आहोत. तिथं आकाश मस्त काळं असतं. मग तोच चार्जर लावू ना?"

अगं, थांब! लावू नकोस!

पिन बसते ही गोष्ट खरी. पण पिन बसणं आणि वीज जुळणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. काकूंच्या कपाटाची किल्ली तुमच्या कुलपात शिरली आणि फिरली नाही, तर फार तर कुलूप उघडत नाही. इथं मात्र किल्ली चुकीची असली तर कुलूपच जळतं!

आता वाचणं थांबवा आणि एक काम करा. प्रत्येक घरात एक खण असतो, त्यात जुने चार्जर, वायरींचे गुंते, बंद पडलेली घड्याळं असं सगळं कोंबलेलं असतं. तो खण उघडा. (आईला विचारून. नाहीतर पसारा कोणी केला म्हणून ओरडा मला बसेल.) त्यातले अडॉप्टर बाहेर काढा, भिंतीत लावू नका, नुसते उलटे करून पोटावरची बारीक अक्षरं वाचा. इंटरनेटच्या डब्याचा अडॉप्टर बहुधा १२ किंवा ९ व्होल्टचा निघेल. मोबाइलचा ५ व्होल्टचा. लॅपटॉपचा बहुधा १९ किंवा २० व्होल्टचा. आणि गंमत बघा, ९ आणि १२ व्होल्टवाल्यांची पिन पुष्कळदा अगदी एकसारखी असते, आणि काही लॅपटॉपवाल्यांचीही तीच!

आमच्या मैत्रिणीच्या मोटरीवर '१२ व्होल्ट डीसी' असं लिहिलेलं असणार. लहान दुर्बिणींच्या बहुतेक मोटरींवर तेच असतं. तिला १९ व्होल्ट दिले तर काय होईल? गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर जास्त. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची. दुसऱ्या मजल्यावरच्या टाकीसाठी बसवलेला नाजूक नळ बाराव्या मजल्याच्या टाकीला जोडला तर तो फुटेल की नाही? मोटरीच्या डब्यातले नाजूक भाग असेच फुटतात. त्यांत कपॅसिटर नावाचे छोटे डबे असतात, पुष्कळदा त्यांना १६ व्होल्टपेक्षा जास्त सोसत नाही.

म्हणून व्होल्ट अगदी जुळायला हवेत. मग अँपिअरचं काय? इथं पुष्कळ मोठी माणसंसुद्धा चुकतात. मोटरीला १ अँपिअर हवा आणि अडॉप्टर ५ अँपिअरचा असला की त्यांना वाटतं, 'बापरे, पाचपट! जळेल!' नाही जळणार. अडॉप्टरवरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते. टाकीत हजार लिटर पाणी आहे म्हणून तुमचा पेला ओसंडत नाही, तुम्ही हवं तेवढंच घेता. मोटरही तेच करते. अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी असले तर मात्र अडॉप्टर तापतो किंवा मोटर मध्येच मान टाकते.

आता आणखी एक चिन्ह शोधा. अडॉप्टरच्या पोटावर एक छोटं चित्र असतं. मधे एक ठिपका, त्याच्याभोवती इंग्रजी 'सी' अक्षरासारखी कड, आणि दोहोंना जोडलेली अधिक आणि उणे ही चिन्हं. ठिपका म्हणजे पिनेचं मधलं भोक, कड म्हणजे बाहेरची नळी. अधिकचं चिन्ह ठिपक्याला जोडलेलं असेल तर धन टोक मधे. बहुतेकांचं असंच असतं, पण सगळ्यांचं नाही! असंच चित्र मोटरीच्या भोकाजवळ किंवा तिच्या माहितीपत्रकातही असतं. दोन्ही चित्रं तंतोतंत सारखी हवीत. व्होल्ट बरोबर, अँपिअर बरोबर, पण धन-ऋण उलटं झालं, तर संपलं.

कसं संपतं, ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. पाहिलं कसलं, मीच केलं आहे. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

डिसेंबरची रात्र होती. दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या सुमाराला मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो, तो पाहायला आम्ही पंधरा-वीसजण एका माळावर जमलो होतो. सोबत गटाची दुर्बीण होती. वर्गणी काढून, रद्दी विकून घेतलेली. मोटरीची वायर ऐनवेळी तुटली. मी म्हटलं, त्यात काय, माझ्या पिशवीत दुसरी वायर आहे. त्या वायरीत दोन तारा होत्या, एक लाल आणि एक पांढरी. लाल म्हणजे धन, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी बॅटरीच्या टोकांना तारा जोडल्या आणि बटण दाबलं.

'टक्' असा आवाज झाला. मग वास आला. जळक्या वायरीचा तो वास एकदा घेतला की विसरत नाही.

चूक कुठं झाली? तारे बघताना डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून आम्ही पांढरा उजेड वापरत नाही. टॉर्चवर लाल कागद लावतो. आणि लाल उजेडात लाल तार आणि पांढरी तार अगदी एकसारखी दिसते! पांढरी वस्तू तिच्यावर पडलेला लाल प्रकाश परत पाठवते, लाल वस्तूही तेच करते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. (घरी करून पाहा. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावा आणि पांढऱ्या कागदावर लाल पेन्सिलीनं काहीतरी लिहा. अक्षरं जवळजवळ गायब!) शाळेत हा प्रयोग मुलांना करून दाखवणारा मी, माळावर त्याच प्रयोगानं फसलो.

त्या रात्री आमच्यातल्या दोन मुलींनी पहाटेपर्यंत पाळीपाळीनं हातानं चाक फिरवून दुर्बीण ताऱ्यामागे ठेवली. मला कुणी काही बोललं नाही. ते जास्त लागलं. मोटरीचा नवा डबा घ्यायला पुढं पाच महिने लागले.

तेव्हापासून आमच्या गटात धन टोकाच्या तारेला एक गाठ मारलेली असते. अंधारात, डोळे मिटून, हाताला कळते. आणि उघड्या तारा माळावर जोडायच्याच नाहीत, असं ठरलं. घरी, दिवसाउजेडी, एकाच बाजूनं बसणारं जोडटोक लावून आणायचं. आठवी-नववीतल्या ज्यांना सोल्डरिंग येतं त्यांच्यासाठी आणखी एक युक्ती. धन तारेत एक डायोड बसवता येतो. तो वीज एकाच दिशेनं जाऊ देतो. उलटं जोडलं तर मोटर चालणार नाही, पण जळणारही नाही. त्यात अर्धा-पाऊण व्होल्ट खर्च होतो, तेवढं चालतं. मात्र मोटरीला लागतील त्यापेक्षा जास्त अँपिअर सोसणारा डायोड दुकानातून मागून घ्या.

तुम्ही म्हणाल, काका साधेसुधे, त्यांची चूक झाली. पण असली चूक चंद्राच्या वाटेवरही झाली आहे! १९७० साली अपोलो-१३ हे यान तीन अंतराळवीरांना घेऊन चंद्राकडं निघालं. यानात प्राणवायूच्या टाक्या होत्या आणि टाकीत एक हीटर. तो फार तापू लागला की वीज तोडणारं एक छोटं बटण आत बसवलेलं होतं. हे बटण २८ व्होल्टसाठी बनवलेलं, कारण यानातली वीज २८ व्होल्टची. पण उड्डाणतळावर चाचणीसाठी वापरली जाणारी वीज होती ६५ व्होल्टची. हीटर ६५ व्होल्टला चालतील असे करा, असं मधल्या काळात ठरलंही होतं. बटण बदलायचं मात्र राहून गेलं! उड्डाणाआधीच्या चाचणीत टाकी रिकामी होईना, म्हणून हीटर आठ तास चालू ठेवला. बटणानं वीज तोडायचा प्रयत्न केला, पण ६५ व्होल्टच्या ठिणगीनं त्याची टोकं एकमेकांना चिकटून बसली. टाकीच्या आत तारांवरचं आवरण जळून गेलं आणि बाहेर कोणाला काही कळलं नाही. तशीच टाकी उडाली. १३ एप्रिलला, पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून दूर, टाकीतला पंखा सुरू केला आणि स्फोट झाला. तिघंही वीर १७ एप्रिलला सुखरूप परत आले, ती कथा फार मोठी आहे, पुन्हा कधीतरी. आज एवढंच पाहा, की तिथंही तारा जोडल्या गेल्या होत्या, बटण बसलं होतं, फक्त व्होल्ट जुळत नव्हते.

तर आमच्या मैत्रिणीनं शनिवारी काय करावं?

गावी शेतात प्लग कुठून येणार? घरातून शेतापर्यंत लांबलचक वायर ओढायची असा विचार असेल तर तो आधी डोक्यातून काढून टाका. घरातली वीज २३० व्होल्टची. हिवाळ्यात रात्री गवत दवानं ओलं होतं, आपले पाय ओले होतात आणि त्या वायरीचा जोड गवतात पडलेला असतो. दुर्बिणीचं काय होईल ते राहू दे, माणसाचा जीव जाईल. गच्चीवर दुर्बीण लावणाऱ्यांनीही अडॉप्टर जिन्याच्या आत, कोरड्या जागी ठेवावा आणि बाहेर फक्त १२ व्होल्टची वायर न्यावी. ही मांडणी आई-बाबांनीच करायची, मुलांनी नाही.

माळावर बॅटरीच बरी. घरातल्या छोट्या यूपीएसच्या डब्यात असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बंद बॅटरी विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते. साधारण अडीच किलो वजन. कोरड्या हातांनी तिची दोन्ही टोकं धरली तरी झटका बसत नाही, कारण १२ व्होल्टचा जोर कातडीतून आत शिरायला पुरत नाही. म्हणूनच लोक तिला गरीब गाय समजतात. पण तिच्या दोन टोकांवर चुकून पाना, किल्ली किंवा हातातलं कडं आडवं पडलं तर? मग तिच्यातून शंभराच्या वर अँपिअर धो-धो वाहतात. कडं क्षणात लालबुंद होतं, आणि ते तुमच्या मनगटात असतं! म्हणून बॅटरीशी काम करताना अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढून ठेवायचं. पिशवीत नेताना दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावायची. किल्ल्या आणि बॅटरी एका कप्प्यात कधीही नाही.

आणि फ्यूज! दुर्बिणीची वायर अंधारात कुणाच्या तरी पायात अडकणार, ओढली जाणार, तिपाईच्या लोखंडात चेपली जाणार, हे धरूनच चाला. आतल्या तारा एकमेकींना टेकल्या की तीच वायर शेगडीतल्या तारेसारखी तापते आणि पेटते. फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. वायर तापण्याआधी तो वितळतो. पण तो कुठं बसवायचा? पुष्कळजण दुर्बिणीच्या टोकाला बसवतात. मग बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली सगळी वायर उघडी पडली की! फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. सगळं मिळून २ अँपिअर लागत असतील तर ३ अँपिअरचा फ्यूज पुरे. तो उडाला तर आधी कारण शोधा. त्याच्या जागी चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळणाऱ्या शूर काकांना आपल्या गटात घेऊ नका.

७ अँपिअर-तास किती पुरतात, याचा हिशोब करू. मोटरीला समजा अर्धा अँपिअर लागतो. बॅटरी पूर्ण रिकामी केली तर ती लवकर म्हातारी होते, म्हणून निम्मीच वापरायची, म्हणजे साडेतीन. साडेतीन भागिले अर्धा, सात तास. झकास, रात्र निघाली! पण दव पडलं की काचेवर धुकं जमतं, म्हणून लोक काचेभोवती गरम होणारा पट्टा गुंडाळतात. तो सहज १ अँपिअर खातो. आता साडेतीन भागिले दीड करा. दोन तास वीस मिनिटं! मृग नक्षत्र डोक्यावर यायच्या आत खेळ खलास.

दव पट्ट्याशिवायही थोपवता येतं. दुर्बिणीची काच उघड्या आकाशाकडे बघत असते आणि आपली उष्णता आकाशाला देऊन टाकते. ती भोवतालच्या हवेपेक्षा थंड झाली की हवेतली वाफ तिच्यावर बसते, थंड ताकाच्या पेल्यावर बसते तशीच. मग काचेच्या पुढं काळ्या पुठ्ठ्याची नळी लावा, काचेच्या रुंदीच्या दीडपट लांब. काचेला दिसणारं आकाश कमी झालं की ती हळू थंड होते. शून्य व्होल्ट, शून्य अँपिअर, खर्च दहा रुपये. आम्ही पट्टा फार दमट रात्रीच काढतो.

गाडीच्या बॅटरीवरही मोटर चालते, पण फार वेळ चालवू नका. एका पहाटे आम्ही सगळ्यांनी मिळून जीप ढकलली आहे, आणि ती चढावर उभी होती.

मोबाइलची पॉवर बँक चालेल का, असं तुम्ही विचारणारच. तिच्यातून सहसा ५ व्होल्ट येतात, त्यावर १२ व्होल्टची मोटर चालणार नाही. हल्लीच्या काही पॉवर बँका मागितलं तर १२ व्होल्टही देतात, पण सगळ्या नाहीत. ९, १५, २० देणाऱ्या जास्त. अशा पॉवर बँकेसाठी व्होल्ट निवडायचं बटण असलेली वायर मिळते, आणि तीच धोक्याची. अंधारात बटण २० वर सरकलं की झाला लॅपटॉपचा चार्जर! वायर एकाच व्होल्टची घ्यावी. आणखी एक गंमत. पॉवर बँकेवर २०,००० चा आकडा लिहिलेला असतो, तो आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. २० अँपिअर-तास गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॉट-तास. त्याला १२ नं भागा, जेमतेम ६ अँपिअर-तास, आणि व्होल्ट वाढवताना त्यातलेही थोडे वाया जातात. तरीही अडीच किलोच्या बॅटरीतून आपण वापरतो त्या साडेतीनपेक्षा ते जास्तच! मात्र मोटर फार कमी वीज घेत असेल तर काही पॉवर बँकांना वाटतं, 'काही जोडलेलंच नाही', आणि त्या झोपून जातात. फुगलेली पॉवर बँक तर हातातही घेऊ नका, मोठ्यांना सांगा.

कॅमेऱ्याची तऱ्हा निराळी. आकाशाचा एकेक फोटो अर्धा-एक मिनिट चालतो, आतली चकती सतत जागी असते, म्हणून बॅटरी भराभर उतरते. मोठ्या कॅमेऱ्याची बॅटरी पुष्कळदा ७.२ किंवा ७.४ व्होल्टची असते. तिच्या जागी १२ व्होल्ट थेट दिले तर कॅमेरा गेलाच. बॅटरीच्या आकाराची खोटी बॅटरी मिळते, ती तुमच्या कॅमेऱ्याच्याच नमुन्याची हवी. आमच्याकडची सोपी पद्धत सांगू? दोन भरलेल्या बॅटऱ्या, एक कॅमेऱ्यात आणि एक खिशात. खिशातली उबदार राहते, आणि थंडीत बॅटरी लवकर मान टाकते ती यामुळे टाकत नाही.

आता आमच्या मैत्रिणीसाठी शेवटचं काम. शनिवारच्या आधी बाबांबरोबर जाऊन एक साधा मल्टिमीटर आण. त्याची खुंटी डीसी २० व्होल्टवर फिरव. काळी तार 'कॉम' लिहिलेल्या भोकात, लाल तार 'व्ही' लिहिलेल्या भोकात. '१० ए' लिहिलेल्या भोकात लाल तार घालून बॅटरीला लावायची नाही, तिथं मीटर म्हणजे नुसती आडवी तार होते! आता मोटरीला लावायची वायर बॅटरीला जोड, पण मोटरीला लावू नकोस. लाल टोक पिनेच्या मधल्या भोकात, काळं बाहेरच्या नळीला. भरलेल्या बॅटरीला साधारण १२.७ दिसायला हवेत. आकड्यामागे उण्याचं चिन्ह दिसलं तर धन टोक बाहेरच्या नळीवर आलेलं आहे. मोटरीचं चित्र तसं सांगत नसेल, तर तारा उलट्या जोडल्या गेल्या आहेत, बॅटरीकडून सुटं करून पुन्हा जोड. रात्री मध्येमध्ये मोजत राहा. आकडा १२ च्या खाली उतरला की मोटर बंद, आणि घरी आल्यावर बॅटरी मोकळ्या हवेच्या जागी चार्जिंगला लाव. दादाचा चार्जर परत खणात.

आणि हो, तुझ्या मोटरीच्या भोकाजवळचं ते ठिपक्याचं चित्र कागदावर काढून मला पाठव. तुझ्या वायरीवरचे आकडेही पाठव. शनिवारी शनी दिसला का, तेही लिही.

तुमचा,
आकाशकाका